चि. सईस, डेल्टा टी मोजण्याबद्दल

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. बिस्मथ, टेल्युरियम आणि सेलेनियमच्या पहिल्याच एन-टाइप (इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणाऱ्या) पेलेटचा (पूड दाबून केलेल्या वडीचा) झेडटी १.४ आलाय, आणि पुढच्या आठवड्यात तो गटापुढे मांडायचा आहे, असं तू लिहिलंस. झेडटी म्हणजे उष्णतेतून वीज करण्यात माल किती सरस ते सांगणारा आकडा: सीबेकचा (एका केल्विनच्या फरकामागे निघणाऱ्या व्होल्टेजचा) वर्ग गुणिले विद्युतवाहकता गुणिले तापमान, भागिले उष्णतावाहकता. तुझा आनंद मला कळतो. पण या मालाचा खोलीच्या तापमानाजवळचा चांगला आकडा ०.९ ते १ च्या आसपास असतो. पहिल्याच घाण्यात १.४ आला तर आधी मोजमापावर संशय घ्यायचा आणि मग मालाचं कौतुक करायचं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. बैठकीआधी चार दिवस हातात आहेत, तेवढ्यात बरंच तपासून होईल.

सगळ्यात आधी एकच विचारते: नमुने कुठल्या दिशेने कापलेस? बिस्मथ टेल्युराइडचे कण पापुद्र्यांचे असतात. ग्राफाइटच्या डायमध्ये (साच्यात) ४५० ते ४८० अंशांना ५० मेगापास्कल दाब दिला की हे पापुद्रे दाबाच्या दिशेला आडवे पडतात. पापुद्र्यांच्या पातळीतून वीजही जास्त वाहते आणि उष्णताही, पण विजेतला फरक मोठा असतो. पेलेट बुटकं असलं तर होतं असं, की लेझर फ्लॅशसाठी (लेझरचा झोत मारून उष्णता किती वेगाने पलीकडे पोचते ते मोजायला) सगळे अख्खी चकती ठेवतात, म्हणजे उष्णता दाबाच्या दिशेने मोजली जाते. आणि विजेसाठी त्याच चकतीतून आडवी पट्टी कापतात, म्हणजे विद्युतवाहकता पापुद्र्यांच्या पातळीत मोजली जाते. मग एका दिशेची चांगली वीज आणि दुसऱ्या दिशेची कमी उष्णता एकाच सूत्रात येऊन बसतात. प्रत्यक्षात कुठल्याही तुकड्यात हे दोन्ही एकत्र नांदत नाहीत, आणि झेडटी सहज तीस-चाळीस टक्क्यांनी फुगतो. तुझा १.४ इथूनच आला असावा असा माझा अंदाज आहे.

उपाय सोपा आहे, फक्त माल जास्त लागतो. १२.७ मिमी व्यासाच्या डायमध्ये १२ मिमी उंचीचं पेलेट कर. त्याला १२ ग्रॅमच्या आसपास पूड लागेल. वरून आडवी चकती काप, आणि उरलेल्या भागातून दाबाच्या दिशेने उभी पट्टी काढ, साधारण २ × २ × ८ मिमी. ही एक जोडी झाली. दुसऱ्या पेलेटमधून बाजूने उभा काप घेऊन फ्लॅशसाठी १० मिमीचा चौकोन काढ आणि त्याच पातळीत आडवी पट्टी काप. ही दुसरी जोडी. दोन्ही दिशांचे दोन झेडटी छाप. काप घेण्याआधी पेलेटच्या वरच्या तोंडावर खूण कर, नाहीतर कापून झालेल्या तुकड्यांत दिशा ओळखता येत नाही.

वजनं मी पुन्हा मांडून पाहिली. बिस्मथ २, टेल्युरियम २.७, सेलेनियम ०.३ या प्रमाणात १० ग्रॅमसाठी बिस्मथ ५.३१६ ग्रॅम, टेल्युरियम ४.३८२ ग्रॅम, सेलेनियम ०.३०१ ग्रॅम. सेलेनियमच्या आकड्यावर लक्ष ठेव. तेवढ्या वजनात पाच मिलिग्रॅम इकडेतिकडे झाले की दीड टक्क्याची चूक. बॉल मिलमध्ये एन-टाइप माल जितका जास्त दळशील तितके त्यात इलेक्ट्रॉन वाढतात, दळताना पडणाऱ्या दोषांमुळे. एका घाण्याचा सीबेक उणे २०० आणि दुसऱ्याचा उणे १५० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन आला तर आधी दळण्याचे तास आणि ग्लव्हबॉक्समधला ऑक्सिजन तपास.

आता सीबेक. व्होल्टेज मोजणं सोपं आहे, पण ते ज्याने भागायचं तो डेल्टा टी, म्हणजे दोन टोकांच्या तापमानातला फरक, खरा मिळवणं कठीण. उणे २१० चा माल आणि ५ केल्विनचा फरक धरला तर व्होल्टेज एक मिलिव्होल्टच्या वर येतं, कुठलाही बरा नॅनोव्होल्टमीटर ते वाचतो. पण के-टाइप थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या दोन धातूंच्या तारांच्या जोडाची) नेहमीच्या दर्जाची सूट, म्हणजे मान्य चूक, अधिक-उणे अडीच अंशांची असते. दोन टोकांना अशी दोन थर्मोकपल लावून ५ अंशांचा फरक मोजायला गेलीस तर सूटच फरकाएवढी पडू शकते. एकाच रिळातली तार वापर, दोन्ही जोड एकत्र बांधून ढवळत्या पाण्यात २५, ४० आणि ६० अंशांना बुडव, आणि त्यांच्यात जो फरक दिसेल तो नोंदून नंतर वजा कर. आणि एकाच डेल्टा टीवर भागाकार करू नकोस. फरक उणे ४ पासून अधिक ४ पर्यंत हळूहळू फिरव, व्होल्टेजचा आलेख काढ आणि रेषेचा उतार घे. रेषा शून्यातून जात नसेल तर काही मायक्रोव्होल्टचा ठराविक ऑफसेट आहे. उतार घेतल्यावर तो गळून पडतो. रेषा वाकलेली असेल किंवा जाताना-येताना दोन वेगळ्या वाटा दिसत असतील, तर तापमान स्थिरावण्याआधीच वाचन घेतलं जातंय.

व्होल्टेजच्या तारा तांब्याच्या असतील तर तांब्याचा स्वतःचा सीबेक अधिक १.८ असतो, आणि मीटरला दिसतो तो नमुन्यातून तांबं वजा केलेला. मीटर उणे २१२ म्हणाला तर माल उणे २१० चा. ही दुरुस्ती विसरलं की एन-टाइप माल आहे त्याहून चांगला दिसतो आणि पी-टाइप (अधिक सीबेकचा) वाईट. झेडटीत सीबेकचा वर्ग येतो, म्हणून इथल्या एका टक्क्याचे दोन होतात.

वरच्या तापमानाला आणखी एक गोष्ट घडते. बाजूने टेकवलेलं थर्मोकपल नमुन्यातली उष्णता स्वतःच ओढून नेतं, आणि गरम टोकाकडे जास्त ओढतं. त्यामुळे वाचलेला डेल्टा टी खऱ्यापेक्षा कमी येतो आणि सीबेक जास्त. तारा जितक्या बारीक तितकं बरं. तुझ्या यंत्रात हा दोष किती आहे ते ठरवायला अमेरिकेच्या निस्ट या प्रमाण-मापन संस्थेचा ३४५१ क्रमांकाचा प्रमाणित नमुना मिळतो, तो बिस्मथ टेल्युराइडचाच आहे आणि ३९० केल्विनपर्यंत चालतो. महाग आहे, पण पहिल्या अनुदानातून नवं काही घेण्याआधी तो घे.

रोध मोजताना घाई नडत नाही, संथपणा नडतो. तुझ्या पट्टीचा रोध वीस मिलिओहमच्या आसपास निघेल. १०० मिलिअँपिअर सोडलेस की दोन मिलिव्होल्ट. पण डीसी करंट सोडून आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिलीस, तर पेल्टियर परिणामामुळे पट्टीचं एक टोक तापतं, दुसरं निवतं, आणि त्या फरकाचं सीबेक व्होल्टेज रोधाच्या व्होल्टेजवर चढून बसतं. बारीक तारांवर लटकवलेल्या पट्टीत हा भर झेडटीच्या पटीत असतो: झेडटी ०.८ असेल तर वीसचे छत्तीस मिलिओहम दिसतात. हे व्हायला ८ मिमीच्या पट्टीला पाचेक सेकंद पुरतात. म्हणून सेकंदाच्या काही भागात करंटची दिशा उलटवत राहा आणि दोन्ही वाचनांच्या फरकाची सरासरी घे. उलट, हाच दोष तुझ्या कामालाही येतो. त्याच पट्टीवर आधी जलद आणि मग संथ रोध मोज. दोन्हींचं गुणोत्तर वजा एक म्हणजे झेडटी. यालाच हरमनची पद्धत म्हणतात. तिच्यात पट्टीच्या अंगावरून प्रारणाने आणि तारांमधून होणारी उष्णतेची गळती आकडा थोडा खाली ओढते, पण तिला एका दिशेचा एकच तुकडा लागतो, त्यामुळे दिशांची सरमिसळ होऊच शकत नाही. फ्लॅशवरून आलेला १.४ आणि हरमनवरून आलेला ०.९ असं चित्र निघालं, तर बैठकीत कुठला आकडा सांगायचा हे तुझं तुला कळेल.

फ्लॅशबद्दल थोडक्यात. चकतीच्या जाडीचा वर्ग येतो, म्हणून कॅलिपर बाजूला ठेव आणि मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोज. दीड मिमीच्या चकतीत दोन शतांश मिमीची चूक झाली तरी जवळपास पावणेतीन टक्के जातात. ग्राफाइटचा फवारा चकतीच्या अंगावरची चमक जाईल एवढाच. विशिष्ट उष्णता यंत्राने ०.१३ दिली तर मान्य करू नकोस. ड्युलाँग-पेटिटच्या नियमाने या मालाची ०.१५९ ज्यूल प्रति ग्रॅम केल्विन येते आणि खोलीच्या तापमानाला खरा आकडा तिच्याजवळच असतो. कमी विशिष्ट उष्णता म्हणजे कमी उष्णतावाहकता म्हणजे फुकटचा झेडटी. घनता आर्किमिडीजने काढ, भूमितीने नको.

एवढं सगळं नीट करूनही सीबेकमध्ये ४, वाहकतेत ४ आणि उष्णतावाहकतेत ८ टक्के अनिश्चितता धरली, तर झेडटीत १२ टक्के येते. म्हणजे १.१५ वरून १.२५ झाला ही सुधारणा नव्हे. आलेखावर अनिश्चिततेच्या उभ्या दांड्या काढ, कुणी मागितल्या नाहीत तरी.

टिन सेलेनाइडचं प्रकरण तुझ्या पिढीने जवळून पाहिलंय. २०१४ साली एकस्फटिकाचा झेडटी ९२३ केल्विनला २.६ जाहीर झाला. मग बहुस्फटिकी नमुन्यांची उष्णतावाहकता एकस्फटिकापेक्षाही जास्त येऊ लागली, जे उलटंच होतं. वाद बरीच वर्षं चालला, नमुन्यांच्या घनतेवरूनही चालला. मग दिसलं की कणांच्या अंगावर टिन ऑक्साइडचा पातळ थर होता आणि उष्णता त्यातून पळत होती. कच्चा माल शुद्ध करून तो थर काढल्यावर २०२१ मध्ये बहुस्फटिकी मालाचाही झेडटी ३ च्या वर गेला. त्याच वर्षी बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या गटाने सिल्व्हर अँटिमनी टेल्युराइडमध्ये थोडं कॅडमियम घालून ५७३ केल्विनला २.६ मिळवला. मोठे आकडे खरे असू शकतात, सई. तुझाही एखाद्या दिवशी असेल. पण तो इतरांच्या हातात पुन्हा निघावा असं मला फार वाटतं.

आता तुझ्या प्रस्तावाच्या दुसऱ्या भागाकडे येते, साखर कारखान्यातल्या वाफेच्या पाइपवरचा बिनबॅटरीचा सेन्सर. मला तो भाग मालापेक्षाही जास्त आवडला. स्टीम ट्रॅप (पाइपातलं पाणी सोडून वाफ अडवणारी झडप) नीट चालतोय की नाही हे कळवणारा सेन्सर हंगामभर बॅटरी न बदलता चालला, तर कारखान्याची वाफ खरोखर वाचेल. फक्त तू त्यात पाइपचं तापमान वजा हवेचं तापमान म्हणजे डेल्टा टी असं धरलंयस. मॉड्यूलला, म्हणजे एन आणि पी तुकड्यांच्या जोड्यांच्या वीज करणाऱ्या पाटीला, त्यातला अर्धाही मिळत नाही.

हिशोब असा. पाइप ११० अंश, मार्चमधली बॉयलर हाउसजवळची हवा ३८. एकूण ७२. चाळीस मिमी चौकोनाच्या, १२७ जोड्यांच्या नेहमीच्या मॉड्यूलचा औष्णिक रोध (दर वॉट उष्णतेमागे पडणारा तापमानाचा फरक) १.७ केल्विन प्रति वॉट. पंख्याविना हीटसिंकचा (उष्णता हवेत सोडणाऱ्या पात्यांचा) २, सगळ्या सांध्यांचा मिळून ०.४. बेरीज ४.१, म्हणजे साडेसतरा वॉट उष्णता वाहते आणि मॉड्यूलच्या वाट्याला ३० केल्विन येतात. जोडीमागे दर केल्विनला ०.४ मिलिव्होल्ट धरून दीड व्होल्ट, आणि दोन ओहमच्या आतल्या रोधाशी जुळणाऱ्या भारावर ०.२८ वॉट. मॉड्यूलचा औष्णिक रोध बाकी सगळ्यांच्या बेरजेच्या जवळपास असला की सर्वात जास्त वीज मिळते, हे सूत्र उपयोगी आहे. त्यामुळे पातळ, कमी रोधाचं मॉड्यूल महाग पडूनही इथे तोट्याचंच.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे गोल पाइप आणि सपाट मॉड्यूल यांच्यामधली. ॲल्युमिनियमचा सॅडल (मधला ठोकळा) पाइपच्या त्रिज्येला खरवडून घ्यावा लागतो. सोळा चौरस सेंमीवर फक्त ०.१ मिमी हवेची फट राहिली तर तिचा रोध २ केल्विन प्रति वॉट होतो, म्हणजे मॉड्यूलपेक्षाही जास्त. तेवढीच फट थर्मल ग्रीसने भरली तर ०.०६. पण ग्रीस ११० अंशांना महिनोन्‌महिने टिकत नाही. तापण्या-निवण्यात कडेला सरकत जातो आणि सुकतो. हंगामभराच्या कामाला ग्राफाइटची पातळ शीट घाल. दाब दर चौरस सेंमीला १० किलो हवा, म्हणजे एकूण १६० किलो. दोन एम-४ बोल्टांवर प्रत्येकी ०.६ न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क, आलटून पालटून थोडाथोडा दे, नाहीतर एका कोपऱ्यात सिरॅमिक तडकतं. बोल्ट स्टेनलेसचे घे; साध्या पोलादाचे दोन बोल्ट मॉड्यूलला टाळून पंधरा टक्के उष्णता थेट हीटसिंककडे नेतात. खाली बेलव्हिल (बशीसारखा स्प्रिंग) वॉशर घाल, म्हणजे गरम झाल्यावर दाब टिकेल.

हीटसिंक पाइपच्या वर बसवू नकोस. पाइपवरून उठणारी गरम हवा थेट त्याच्यावर येते. बाजूला बसव, पाती उभी, दोन पात्यांत ८ ते १० मिमी अंतर, आणि पाइपचं इन्सुलेशन अगदी सॅडलच्या कडेपर्यंत आण. पाती काळी ॲनोडाइज केलेली हवीत. पंखा नसताना प्रारणाने जाणारा उष्णतेचा वाटा मोठा असतो आणि चकचकीत ॲल्युमिनियम तो जवळपास देतच नाही. आणि बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. गाळप सुरू झालं की बगॅसची बारीक भुकटी सगळीकडे बसते, रसाच्या वाफेने चिकटही होते. ती पात्यांत भरून हीटसिंकचा रोध २ चा ४ झाला, तर वरच्याच हिशोबाने मॉड्यूलवर २० केल्विन उरतात आणि वीज ०.२८ वरून ०.१२ वॉटवर येते.

आणि तरीही ती पुरते. हे तुझ्या प्रस्तावात कुठेच आलेलं नाही. दर पंधरा मिनिटांनी एक सेकंद लोरा (कमी विजेत दूरवर संदेश देणारा) रेडिओ चालवायला ०.१३ ज्यूल लागतात. झोपेतला खर्च धरूनही सरासरी मिलिवॉटच्या पाचव्या हिश्श्याच्या आत. नवा माल घालून झेडटी १ वरून १.२ वर नेल्याने इथे काही बदलत नाही. अडचण वेगळीच आहे: एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत कारखाना बंद. वीज साठवणारा सुपरकपॅसिटर गळतीनेच रिकामा होतो, घड्याळ जातं, आणि नोव्हेंबरमध्ये पहिली वाफ आली की पूर्ण मृत सर्किटने स्वतःहून उठायचं असतं. पाइप हळूहळू तापतो, व्होल्टेज मिलिव्होल्टांतून वर येतं. व्होल्टेज वाढवणाऱ्या काही कन्व्हर्टरना चालू राहायला ०.१ व्होल्ट पुरतो पण मृतावस्थेतून उठायला ०.३ ते ०.६ लागतो; डेटाशीटमध्ये दोन्ही आकडे वेगवेगळे पाहा. एलटीसी ३१०८ या कन्व्हर्टर चिपला १:१०० चा ट्रान्सफॉर्मर लावला तर तो २० मिलिव्होल्टवर उठतो. त्याची कार्यक्षमता कमी आहे, पण तुझ्याकडे वीज शिल्लक आहे. प्रयोगशाळेतली चाचणीही तशीच कर: कपॅसिटर शॉर्ट करून पूर्ण रिकामा, हॉटप्लेट मिनिटाला एक अंशाने वर, आणि पहिला संदेश कुठल्या डेल्टा टीला आला ते नोंदव. वीज मोजताना मात्र प्रत्येक वाचनाआधी भार लावून पंधरा मिनिटं थांब. करंट वाहू लागला की पेल्टियरमुळे मॉड्यूलवरचा फरक कमी होतो, म्हणून उघड्या टोकांच्या व्होल्टेजवरून काढलेली वीज नेहमी जास्तच दिसते.

जागा निवडताना एक्झॉस्ट किंवा कंडेन्सेटचीच लाइन घे. थंड करण्यासाठी बनवलेल्या स्वस्त मॉड्यूलमधलं बिस्मथ-टिन सोल्डर १३८ अंशांना वितळतं. सहवीजनिर्मितीच्या बॉयलरची मुख्य वाफ ८७ किलो दाबाला ५१५ अंशांची असते. त्या लाइनच्या जवळपासही जायचं नाही, ना मॉड्यूलने ना तू. कारखान्यात कुठलाही क्लॅम्प शटडाउनमध्ये आणि त्यांच्या फोरमनला विचारूनच लाव.

आणि घरच्यासारखं सांगते, प्रयोगशाळेतही जप. क्वार्ट्झची नळी निर्वात करून सील केली की भट्टीचं तापमान हळूच चढव आणि भट्टीपुढे जाड ढाल असू दे. नळीत ओल राहिली तर ती फुटते. उघडताना फ्यूम हुडमध्येच, कारण सेलेनियमच्या मालाला दमट हवा लागली की विषारी वायू सुटू शकतो. पूड चाळताना मास्क घाल. श्वासाला लसणासारखा वास यायला लागला तर टेल्युरियम अंगात गेलंय, त्या दिवशीचं काम तिथेच थांबव आणि डॉक्टरकडे जा.

बैठकीआधी एवढं कर: उभी पट्टी काप, तिच्यावर हरमन लाव, आणि सीबेकची रेषा दोन्ही दिशांनी काढून मला पाठव. आकडे नकोत, मीटरमधून आलेली कच्ची फाइलच पाठव, वेळेच्या रकान्यासकट. क्लॅम्पचं ड्रॉइंगही पाठव, सॅडलची त्रिज्या पाइपच्या बाहेरच्या व्यासावरून घेतलीस की नाममात्र व्यासावरून, ते मला पाहायचंय. चार इंची म्हटलेला पाइप बाहेरून ११४ मिमीचा असतो.

तुझी,
आई